सहा महिन्यांपुरत्या इमारती: जागतिक प्रदर्शनांनी वास्तुकलेला नेमकं काय दिलं?

तुळई

जागतिक प्रदर्शनांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात आयफेल टॉवर, विवेकानंदांचं भाषण आणि कोहिनूर यापलीकडे फारसं काही नसतं. इमारती कशा उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांचं काय झालं, यावर बोलायला हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस ही सगळ्यात महत्त्वाची प्रदर्शन-इमारत. ती काचेची होती म्हणून नव्हे, तर ती उतरवून दुसरीकडे नेता येईल अशी बांधली होती म्हणून. स्पर्धेत २०० च्या वर आराखडे आले आणि एकही पसंत पडला नाही. मग समितीने स्वतःच विटांची आणि प्रचंड घुमटाची इमारत सुचवली. वेळ इतका थोडा होता की तिचं काम पुरं होणं शक्यच नव्हतं. जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा बागकाम करणारा माणूस. त्याने जून १८५० मध्ये डर्बीला रेल्वे कंपनीच्या बैठकीत टीपकागदावर कच्चं चित्र काढलं आणि १ मे १८५१ ला उद्घाटन झालं. म्हणजे चित्रापासून दार उघडेपर्यंत ११ महिनेसुद्धा लागले नाहीत.

१८४८ फूट लांबीची इमारत इतक्या लवकर उभी राहिली, कारण तिचं सगळं गणित एका तावदानावर बेतलेलं होतं. चान्स ब्रदर्स या काच कारखान्याचं तावदान ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. अशी दोन तावदानं समोरासमोर उतरती लावली की छपराची आठ फुटांची एक घडी होते, आणि तीन घड्यांचे २४ फूट. खांब २४ फुटांवर, तुळया २४ फुटांच्या, पन्हळीही २४ फुटांच्या.

माझा प्रश्न असा: टिकण्यासाठी बांधलीच नाही अशा इमारतीला आपण वास्तुकला म्हणायचं, की नुसता मंडप?

नकाशावाला

धागा उत्तम. वाचतोय.

पाचर

तुळई, तावदानाचा मुद्दा अगदी बरोबर. त्यात खांबांचीही भर घालतो, कारण खरी हुशारी तिथे आहे. सगळ्या खांबांचा बाहेरचा व्यास एकच, आठ इंच. भार जास्त असेल तिथे खांब जाड केला नाही, आतल्या पोकळीची भिंत जाड केली. त्यामुळे खांबाला जोडणारा प्रत्येक सुटा भाग सगळीकडे सारखाच बसतो. फाउंड्रीला साचे थोडे लागतात आणि जागेवर 'हा भाग कुठला' असा गोंधळ होत नाही.

खांब पोकळ ठेवण्याचं दुसरं कारण पाणी. छपरावरचं पाणी पन्हळीतून खांबात, खांबातून खाली जमिनीतल्या नळात. पन्हळ लाकडाची, आणि तिला तीन खाचा: मधली मोठी खाच पावसाच्या पाण्यासाठी, दोन्ही बाजूंच्या लहान खाचा काचेच्या आतल्या बाजूने ओघळणाऱ्या दवासाठी. एवढी माणसं आत श्वास घेणार म्हणजे काचेला आतून पाणी सुटणारच, हे पॅक्स्टनला काचघरं बांधून माहीत झालेलं होतं. पन्हळीच्या खालून लोखंडी सळई ताणून तिला मधे किंचित उचललेलं असे, म्हणजे पाणी मधे न साचता दोन्ही टोकांच्या खांबांकडे वाहून जाई.

तुळया बसवण्यासाठी खांबाच्या डोक्यावर ओतीव जोडतुकडा. तुळई त्यात सरकवायची आणि पाचर ठोकायची. प्रत्येक ओतीव तुळई चढवण्याआधी जागेवरच दाबयंत्राखाली तपासली जाई. ओतीव लोखंड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. आत पोकळी राहिलेली असेल तर ती जमिनीवर असतानाच कळायला हवी.

शेवंती_ब

काचा बसवण्याची पद्धतही सांगा ना कुणीतरी. ती मला या साऱ्यात सर्वांत देखणी वाटते.

पाचर

शेवंतीताई, सांगतो. छपरावर परांची बांधलीच नाही. आठ फुटांवर असलेल्या दोन पन्हळींचेच रूळ केले आणि त्यांवर चाकांच्या गाड्या सोडल्या. गाडीवर कापडी आच्छादन, म्हणजे पाऊस आला तरी काम चालू. कारागीर गाडीत बसून आपल्यासमोरची तावदानं बसवायचे, लांबी (पुट्टी) भरायचे आणि गाडी मागे सरकवायचे. एका आठवड्यात ८० कारागिरांनी १८,००० च्या वर तावदानं बसवली. एकूण तावदानं जवळपास २,९४,०००.

गळत मात्र होती. लाकडी पट्ट्या उन्हाने आकसतात, लोखंड तापून वाढतं, काच दोन्हींपेक्षा वेगळी वागते आणि मधली लांबी सुटते. इतक्या लांब सांध्यांमधून थोडं पाणी येणारच होतं.

गिरणगाव

हे सगळं मान्य, पण तुळई, तुमच्या पहिल्या क्रमांकाला माझा विरोध आहे. क्रिस्टल पॅलेस ही पद्धतीची कमाल. रचनेची कमाल पाहायची असेल तर १८८९ च्या पॅरिसला जावं लागेल. आयफेल टॉवरसाठी नव्हे, त्याच्या समोरच्या यंत्रदालनासाठी, म्हणजे गॅलरी दे मशीन.

वास्तुकार फर्दिनाँ ड्यूतेर, अभियंता व्हिक्तोर काँतामँ. ४२० मीटर लांब, आणि मधे एकही खांब न ठेवता साधारण ११० मीटरचं अंतर ओलांडणाऱ्या कमानी. प्रत्येक कमानीला तीन बिजागऱ्या: दोन पायथ्याशी, एक शिखरावर. लोखंडी कमान उन्हात वाढते, थंडीत आकसते. पायथे घट्ट बांधून टाकले तर हा ताण लोखंडात साठत जातो. एखादा पाया जरा खचला तरी तेच. बिजागरी असली की कमान किंचित वर-खाली होते आणि ताण उरत नाही. शिवाय तीन बिजागऱ्यांच्या कमानीतली बलं साध्या समतोलाच्या समीकरणांनी काढता येतात, अंदाजावर राहावं लागत नाही.

तिथे आत शिरणाऱ्याला दिसे ते उलटंच. एवढी मोठी कमान जमिनीशी येताना निमुळती होत एका बोटावर टेकल्यासारखी. दगडी इमारतीत पायथा रुंद असतो, इथे तो सर्वांत बारीक. डोळ्यांना हे पटायला वेळ लागला असणार. ते पटवून देणं हीच मला या इमारतीची कला वाटते.

उभारणीही वाचण्यासारखी आहे. अर्धं काम एका कंपनीकडे, अर्धं दुसरीकडे. एकीने कमानीचे मोठमोठे भाग जमिनीवर जोडून मग एकदम उचलले, दुसरीने लहान तुकडे वर नेऊन वरच जोडले. एकाच इमारतीवर दोन पद्धती शेजारी शेजारी तोलून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते.

१९१० साली ती पाडली. हे दुःखच आहे.

कस्तुरी

गिरणगाव यांच्याशी सहमत. तीन बिजागऱ्यांचं स्पष्टीकरण पहिल्यांदाच नीट कळलं.

नकाशावाला

आयफेलला असं एका वाक्यात बाजूला सारू नका. त्याचे चार पाय जमिनीतून तिरपे निघतात आणि ५७ मीटर उंचीवर पहिल्या मजल्याच्या चौकटीत येऊन जुळतात. तिथे चारही पाय एका पातळीत नसतील तर वरचा सगळा मनोरा वाकडा होणार. यावर केलेला उपाय साधा आणि फार सुंदर आहे. पायांना तोलून धरणाऱ्या लाकडी परांचीवर वाळूच्या पेट्या ठेवल्या आणि पायांच्या तळाशी पाण्याच्या दाबावरचे जॅक. पाय मुद्दाम जरासा वर धरून बांधायचा आणि जोडायची वेळ आली की पेटीचं भोक उघडून वाळू हळूहळू सोडायची. वाळू ओघळते तसा पाय मिलिमीटरच्या हिशेबाने खाली येतो. भोकं जुळली की पिन घालायची.

भोकं कारखान्यातच पाडून येत. मनोऱ्यावर भोक पाडायचं किंवा कानशीने वाढवायचं नाही, असा नियम. तुकडा जुळला नाही तर तो लेव्हालुआ-पेरेच्या कारखान्यात परत. एकूण तुकडे १८,०३८, रिव्हेट सुमारे २५ लाख. प्रत्येक रिव्हेटमागे चौघांची टोळी: एक भट्टीवर तापवणारा, एक मागून धरून ठेवणारा, एक डोक्याला आकार देणारा, एक घण मारणारा. तापलेली रिव्हेट थंड होताना आकसते आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळून धरते. म्हणून ती लाल असतानाच ठोकायला हवी. गार झाल्यावर ठोकली तर डोकं बनतं, पकड बसत नाही.

काम सुरू झालं जानेवारी १८८७ मध्ये, संपलं ३१ मार्च १८८९ ला.

चुनागच्ची

लोखंड, लोखंड आणि लोखंड! शिकागोबद्दल कुणी बोलणार की नाही? :)

१८९३ च्या शिकागोच्या इमारती बाहेरून संगमरवरी वाटत. प्रत्यक्षात लाकूड-पोलादाचा सांगाडा आणि त्यावर 'स्टाफ' नावाच्या मिश्रणाचं कवच. हे मिश्रण फ्रेंचांनी १८७० च्या दशकात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी वापरात आणलेलं. घटक: मुख्यतः प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडं सिमेंट, ग्लिसरीन, डेक्स्ट्रिन आणि आत तागाचे किंवा अंबाडीचे धागे. पाण्यात काकवीसारखं दाट कालवायचं, साच्यात पातळ थर लावायचा, त्यावर धागे पसरायचे, पुन्हा थर. साधारण अर्धा इंच जाडीचा तुकडा तयार होतो. तो खिळ्यांनी ठोकता येतो, करवतीने कापता येतो. नुसत्या प्लास्टरला खिळा ठोकला तर ते फुटतं. धाग्यांमुळे तडा जागच्या जागी थांबतो.

वेलबुट्टीचे, माणसांच्या चेहऱ्यांचे खोलगट नमुने असतील तर साचा जिलेटिनचा करायचा. कडक साच्यातून वळणाची नक्षी सुटून येत नाही, अडकते. जिलेटिन रबरासारखं वाकतं, मग तुकडा अलगद निघतो. त्याचा दोष असा की प्लास्टर जमताना गरम होतं आणि त्या उष्णतेने जिलेटिन मऊ पडतं, म्हणून एका साच्यातून थोडेच तुकडे नीट निघतात. मूळ नमुना जपून ठेवून पुन्हा पुन्हा साचा ओतावा लागे.

हिवाळ्यातच काम चालल्यामुळे त्रास फार झाला. ओलसर कवचात पाणी गोठलं की ते फुगतं आणि पापुद्रा सुटतो. सांध्यांवर फटी पडत, त्या पुन्हा पुन्हा भराव्या लागत.

रंगाचंही तसंच. एवढ्या पृष्ठभागाला ब्रशने रंग द्यायचा तर उद्घाटन निघून गेलं असतं. फ्रान्सिस मिलेट यांच्या देखरेखीखाली दाबाखालच्या हवेने नळीतून रंग उडवायची व्यवस्था केली, टोकाला लोखंडी नळीची चपटी तोटी. आज गाड्या, फर्निचर, भिंती ज्या रीतीने रंगवतात तिचा मोठ्या प्रमाणावरचा हा सुरुवातीचा वापर. म्हणजे शिकागोनेही पद्धतच दिली, फक्त ती पृष्ठभागाची होती.

गिरणगाव

चुनागच्ची, माहिती फारच उपयोगी, पण निष्कर्ष पटत नाही. मधल्या तळ्याभोवतीच्या सन्मानचौकाच्या (कोर्ट ऑफ ऑनर) सगळ्या इमारतींना ६० फुटांची एकच कंगोऱ्याची रेषा घालून दिली आणि पांढरा रंग दिला. त्यामुळे तळ्याभोवती एकसंध शहर दिसलं, हे खरं. पण आत पोलादी कमानी आणि बाहेर रोमन खांब, यात आतलं आणि बाहेरचं एकमेकांना ओळखतच नाही. लुई सलिव्हन यांची वाहतूक इमारत मात्र वेगळी. त्यांनी प्लास्टरला संगमरवर असल्याचं सोंग घ्यायला लावलं नाही. सपाट भिंती, अनेक रंगांची नक्षी आणि एकात एक कमानींचं सोनेरी दार. साहित्य तेच, पण ते जे आहे तेच दिसतं.

चुनागच्ची

सलिव्हनबद्दल पूर्ण सहमत. तरी एक सांगतो. ६० फुटांच्या त्या एका रेषेमुळे लोकांना कळलं की शहराची आखणी एकत्र करता येते: रस्ते, पाणी, दिवे, रेल्वे, झाडं सगळं एका नकाशात. प्रदर्शनाच्या बांधकामाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम यांनी पुढे १९०९ मध्ये शिकागो शहराचाच आराखडा केला. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी जॅक्सन पार्कच्या दलदलीतून गाळ उपसून खाड्या आणि बेट केलं. ते बेट आजही तिथे आहे, वरच्या प्लास्टरपेक्षा जास्त टिकलं.

माधुकरी

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही. ते लिहायलाच हवं, कारण तात्पुरत्या बांधकामाची किंमत तिथे दिसते.

१० जुलै १८९३ ला, प्रदर्शन चालू असताना, शिकागोचं शीतगृह जळलं. आत बर्फ तयार करणारी यंत्रं, त्यांच्या बॉयलरचं लोखंडी धुरांडं, आणि शोभेसाठी त्या धुरांड्याभोवती लाकडाचा आणि स्टाफचा उंच मनोरा. धुरांड्याच्या तोंडाशी लाकडाला उष्णतेपासून वाचवणारा लोखंडी भाग बसवायचा ठरला होता, तो बसवलाच नाही. आग वर लागली म्हणून जवान मनोऱ्यावर चढले. तोवर ठिणग्या मनोऱ्याच्या आतल्या पोकळीतून खाली पडल्या होत्या आणि आग त्यांच्या पायांखाली पेटली. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत अनेक जवान गेले.

१८९४ च्या जुलैत उरलेल्या बहुतेक मोठ्या इमारती जळाल्या. क्रिस्टल पॅलेसही सिडनहॅमला हलवल्यावर ३० नोव्हेंबर १९३६ ला जळालाच. लोखंड आणि काच म्हणून जळणार नाही असं वाटतं, पण जमीन फळ्यांची होती, फळ्यांमध्ये धूळ खाली पडावी म्हणून फटी ठेवलेल्या, आणि खाली ८० वर्षांचा कचरा.

शेवंती_ब

माधुकरी, हे माहीत नव्हतं. वाचून सुन्न व्हायला झालं.

अवांतर: कोहिनूरचा १८५१ चा फजितीचा भाग इमारतीशी जोडलेला आहे. हिरा चमकायला एका दिशेने येणारा प्रखर प्रकाश लागतो. काचेच्या इमारतीत प्रकाश सगळीकडून सारखा, त्यात ऊन अडवायला छपरावर कापड पसरलेलं. हिऱ्याची जुनी भारतीय घडणही वजन राखणारी, चमक वाढवणारी नव्हे. लोक निराश झाले. मग भोवती तंबू करून आत गॅसचे दिवे लावून पाहिले. पुढच्या वर्षी तो पुन्हा घासला आणि १८६ कॅरटचा सुमारे १०६ राहिला.

कस्तुरी

रंगाबद्दलही लिहा. ओवेन जोन्स यांनी क्रिस्टल पॅलेसच्या आतल्या लोखंडाला निळा, पिवळा आणि लाल रंग दिला होता, त्यावर आधी वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यांचा नियम असा: खोलगट पृष्ठभागाला निळा, फुगीर भागाला पिवळा, खालून दिसणाऱ्या आडव्या बाजूला लाल, आणि मधे पांढरा. निळा मागे सरकल्यासारखा दिसतो, पिवळा पुढे येतो. लांबून पाहिलं की तिन्ही मिसळून निळसर धुकं दिसे आणि दालन संपतच नाही असं वाटे. भारतीय दालनातली कापडं पाहून याच जोन्स यांनी नंतर आपल्या नक्षीच्या ग्रंथात भारतीय रंगसंगतीची मोकळेपणाने स्तुती केली.

उत्तरध्रुव

इतका वेळ सगळे सांध्यांवर आणि प्लास्टरवर बोलताहेत. या प्रदर्शनांमध्ये माणसंही मांडली होती, हे विसरून त्यांच्या कलेबद्दल बोलता येत नाही.

१८८६ च्या लंडनच्या कलोनियल अँड इंडियन प्रदर्शनात भारतीय कारागीर लोकांसमोर बसून काम करत. त्यांतले बरेच आग्र्याच्या तुरुंगात शिकून तयार झालेले, तिथल्या अधीक्षकांनी नेलेले. प्रेक्षकांना सांगितलं जाई ते मात्र 'खेड्यातला पिढीजात कारागीर'. १८८९ ला पॅरिसमध्ये आफ्रिकी लोकांची 'गावं' वसवली. १९०४ ला सेंट लुईसमध्ये फिलिपिन्सहून हजाराहून अधिक माणसं आणून ४७ एकरांत ठेवली. मांडणी अशी की एका टोकाला 'रानटी', दुसऱ्या टोकाला यंत्रदालन, आणि मधून चालताना प्रेक्षकाने प्रगतीचा जिना आपोआप वाचावा. हीसुद्धा वास्तुरचनाच. रस्ता कुठून कुठे जातो, यातच सारं म्हणणं मांडलेलं होतं.

तुळई

उत्तरध्रुव, तुमचा प्रतिसाद या धाग्यावर आधीच यायला हवा होता. रस्त्याची आखणी हेच म्हणणं, हे फार नेमकं आहे.

राजा रविवर्मांचंही तसंच झालं. १८९३ ला शिकागोला त्यांची दहा चित्रं गेली, भारतातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या स्त्रियांची. पारितोषिक मिळालं, पण परीक्षकांनी गौरव केला तो चित्रांतल्या वंश आणि पेहरावांच्या माहितीचा. ज्याने तैलरंगात हाडामांसाची माणसं उभी केली, त्याच्या कामाकडे नोंदवहीसारखं पाहिलं गेलं. लगेच १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

नकाशावाला

शिकागोचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. विवेकानंद पांढऱ्या नगरीत, म्हणजे प्रदर्शनाच्या त्या पांढऱ्या इमारतींत, बोलले नाहीत. सर्वधर्म परिषद मैदानापासून बरीच दूर, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या नव्या पक्क्या इमारतीत भरली. ती आज आर्ट इन्स्टिट्यूट म्हणून उभी आहे. तेव्हा इमारत आतून पुरी झालेली नव्हती, म्हणून तिच्यात परिषदेपुरती दोन सभागृहं उभारली होती. त्याच परिषदेत मुंबईच्या ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकर आणि जैन समाजातर्फे वीरचंद गांधीही बोलले. आपल्याकडे त्यांची नावं क्वचितच घेतली जातात.

माधुकरी

नगरकरांची आठवण काढलीत, बरं वाटलं.

गिरणगाव

मुंबईचा याहून सरळ दुवा आहे. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून माल गोळा झाला: धान्यं, लाकडं, तेलं, रंग, कापड, धातुकाम. जादा नमुने मुंबईतच ठेवले, त्यातून फोर्टमधल्या बराकीत संग्रहालय सुरू झालं. १८५७ मध्ये सैन्याला जागा हवी म्हणून बराक घाईने रिकामी केली, त्यात संग्रहाचं मोठं नुकसान झालं. मग जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्या प्रयत्नांतून नवी इमारत उभी राहिली आणि १८७२ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत ती खुली झाली. तेच आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय.

शिंद्यांचाही संबंध आहे. कलकत्त्याच्या १८८३-८४ च्या प्रदर्शनासाठी ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी कोरलेलं दगडी प्रवेशद्वार महाराजांनी भेट दिलं. ते लंडनला गेलं आणि १८८६ च्या प्रदर्शनात भारतीय दालनाच्या वाटेवर उभं राहिलं. आता ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे.

पाचर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मंडप की वास्तुकला?

माझं उत्तर शोधायला मी टिकून राहिलेल्या इमारती पाहतो. क्रिस्टल पॅलेस ८० वर्षांहून जास्त जगला, कारण तो सुटा करता येत होता. आयफेलला २० वर्षांची मुदत होती, तो बिनतारी संदेशांच्या उपयोगामुळे राहिला. शिकागोचं कलादालन राहिलं, कारण चित्रं उसनी देणाऱ्यांना आगीपासून खात्री हवी होती, म्हणून कवचाच्या आत विटांच्या भिंती घातल्या. पुढे बाहेरचं स्टाफ काढून दगड लावला, तेच आजचं विज्ञान आणि उद्योग संग्रहालय. तिन्ही ठिकाणी इमारत वाचली ती उपयोगामुळे. सुंदर आहे म्हणून एकही नाही.

कस्तुरी

पाचर, एक आहे! बार्सिलोना, १९२९. मीस व्हान डेर रोहे आणि लिली राइश यांचं जर्मन दालन. १९३० मध्ये उतरवलं, पोलाद विकलं, दगड परत गेले. उपयोग काही नव्हता, आत मांडायला जवळजवळ वस्तूही नव्हत्या. तरी १९८६ मध्ये ते त्याच जागी पुन्हा बांधलं गेलं, निव्वळ छायाचित्रांतून त्याची ओढ लागली म्हणून.

पुन्हा बांधताना अडचणी आल्या. पुरेसे आराखडे नव्हते, म्हणून पाया खणून खांबांच्या जागा निश्चित केल्या. मूळ खांबांवरचा क्रोम मुलामा उघड्यावर टिकला नसता, म्हणून स्टेनलेस स्टील घेतलं. मूळ छप्पर घाईत केलेलं, नवं काँक्रीटचं. सोनेरी ऑनिक्सची भिंत मात्र मुख्य. मीसना एक मोठा दगड मिळाला होता. त्याची उंची दुप्पट केली तीच दालनाची उंची ठरली, तीन मीटरच्या जरा वर. तुळईंनी वर तावदानाचं सांगितलं, तसंच. एका वस्तूच्या मापावरून सगळी इमारत.

पाचर

हे मान्य. माझं विधान मागे घेतो. ऑनिक्सचा आणि तावदानाचा मेळ डोक्यात आला नव्हता.

चुनागच्ची

आणि २०२५ च्या ओसाकाचं लाकडी वर्तुळ? सौ फुजिमोतो यांची रचना, परीघ दोन किलोमीटर. खांबांना भोक पाडून त्यातून आडवी तुळई आरपार घालायची आणि पाचर ठोकायची, ही जपानी देवळांतली 'नुकी' रीत, आतून धातूची जोड देऊन. क्रिस्टल पॅलेसनंतर पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा पाचरच!

पाचर

आयडी सार्थ झाला. :)

शेवंती_ब

एक व्यवहारातला प्रश्न. यातलं काही मुंबईत डोळ्यांनी पाहायचं असेल तर?

गिरणगाव

शेवंतीताई, दोन जागा.

पहिली काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. रचनाकार रोलंड मेसन ऑर्डिश. त्यांनी क्रिस्टल पॅलेसच्या तपशिलांच्या आराखड्यांवर काम केलं होतं. या इमारतीचे सुटे भाग डर्बीत ओतले, म्हणजे पॅक्स्टनने टीपकागदावर चित्र काढलं त्याच गावात. जहाजाने मुंबईला आणून १८६० च्या दशकाच्या अखेरीस जोडले. इमारत बरीच वर्षं वाईट अवस्थेत आहे, २००५ मध्ये तिचा काही भाग पडलाही. म्हणून रस्त्याच्या पलीकडूनच पाहावी. वरपासून खालपर्यंत एकावर एक आलेले खांब आणि त्यांना जोडणाऱ्या तुळया बघाव्यात. भिंती भार घेत नाहीत, त्या नुसत्या मधे भरलेल्या आहेत.

दुसरी जागा भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाहेरून दगडी, पण आत शिरल्यावर इंग्लंडहून आणलेले लोखंडी खांब, कठडे आणि कंस. २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर उघडल्यापासून रंग आणि सोनेरी काम स्वच्छ दिसतं.

खांब ओतीव आहे की घडीव, हे ओळखायचं असेल तर रिव्हेट शोधा. घडीव लोखंडाचा खांब पट्ट्या आणि कोन जोडून करतात, त्यावर रिव्हेटच्या रांगा दिसतात. ओतीव खांबाला रिव्हेट नसतात. उजेड बाजूने पडत असेल तर त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत पुसट उभी रेघ दिसते. साच्याचे दोन अर्धे तिथे मिळालेले असतात.